तापीकाठी कुमुदला ऐकायला

बुऱ्हाणपूरला जाऊन आलेल्याला लोक दोन प्रश्न विचारतात. किल्ला पाहिला का, आणि मावा जिलेबी आणली का? किल्ला मी रिक्षातून पाहिला, आणि जिलेबी घरी पोचण्याआधीच संपवली. मी गेले होते दुसऱ्याच कामाला. एका बाईचा आवाज ऐकायला.

हे वाक्य मी विशीत लिहिलं असतं तर त्याच्यामागून चंद्र उगवला असता, एखादं व्याकूळ पाखरू फडफडलं असतं आणि शेवटी टिंबांची रांग लागली असती. आता गुडघे बोलायला लागल्यावर टिंबांची हौस फिटली आहे, म्हणून सरळ सांगते. माझी मैत्रीण कुमुद बुऱ्हाणपूरला असते. तिच्या घशात गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. नंतर मशीन लावून बोलता येतं म्हणे. येत असेल. पण तो आवाज मशीनचा. मला कुमुदचा हवा होता, आणि तो जायच्या आत हवा होता.

मुलगा म्हणाला, “आई, एवढ्या लांब कशाला? फोनवर ऐक की.”

मी म्हटलं, “तू फोटोतलं जेवण जेवतोस का?” आणि नाशिकहून गाडीत बसले.

आता ऑपरेशन होऊन कुमुद घरी आली आहे, बरी आहे आणि फोनवर लेखी भांडते आहे. तेव्हा पुढचं वाचताना जीव टांगणीला लावू नका. माझा लागला होता तेवढा पुरे.

पट्ट्यांवरचा निसर्ग

बुऱ्हाणपूरला उतरण्याआधी थोडं मागं जायला हवं, नाहीतर मी कुमुदच्या मागे कशासाठी लागले होते ते तुम्हाला कळायचं नाही.

आम्ही दोघी वाढलो त्या भागातल्या एका कागद कारखान्याच्या वसाहतीत. आमचे वडील महाराष्ट्रातून तिथं नोकरीला गेलेले. घरात मराठी, दारात हिंदी, आणि वाऱ्याला शिजत्या लगद्याचा वास. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्यानं सुखात राहावं. त्या वाऱ्यात नाकाला पदर लावून बसून मी ‘मंद सुगंधी वायुलहरी’ असं लिहीत असे.

कागदाला तोटा नव्हता. कापून उरलेल्या पट्ट्या वडील घरी आणायचे. लांबीला हव्या तेवढ्या, रुंदीला चार बोटं. त्यावर दोन शब्द लिहिले की ओळ संपायची. त्यामुळे माझ्या सगळ्या कविता अरुंद आणि लांबलचक, पडवळासारख्या. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातल्या आमच्या इंग्रजीच्या सरांना त्या दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, “तुमच्याकडे शब्दांचा संयम आहे.” संयम कसला, कागद संपायचा!

सर त्या वेळी आम्हाला इंग्रजीतले भावनेचे कवी शिकवत होते. मन भरून आलं पाहिजे, आणि ते निसर्गाच्या सान्निध्यात भरून आलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. आम्ही ते गृहपाठासारखं मनावर घेतलं. पुस्तकात तळी होती, धुकं होतं, पानगळीचा ऋतू होता. त्या ऋतूला सरांनी ‘शरद’ म्हटलं, म्हणून मी कवितेत शरदात पानं गाळली. वसाहतीत तेव्हा ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजून काढत होतं आणि झाडं हिरवीगार उभी होती. आईनं ती पट्टी वाचली आणि म्हणाली, “शरदात कुठली पानं गळतात गं? घाम गळतो.”

“आई, तुला भावना कळत नाहीत,” असं म्हणून ती लीला, म्हणजे विशीतली मी, पाय आपटत निघून गेली. त्या पोरीला आज भेटले तर आधी एक चापट देईन, मग लिंबू सरबत.

आणि विरह! कवितेला विरह हवा, विरहाला आधी माणूस हवं, आणि माणूस काही मिळत नव्हतं. शेवटी शेजारच्या ब्लॉकमधले एक शिकाऊ इंजिनियर पकडले. ते बदली होऊन गेले तेव्हा मी पुष्कळ रडले, पुष्कळ पट्ट्या खर्च केल्या. त्यांच्याशी मी एकदाही बोलले नव्हते. त्यांचं नावही मला पक्कं ठाऊक नव्हतं.

कुमुद कविता लिहायची नाही, ती म्हणायची. कॉलेजच्या गॅदरिंगला माझी कविता म्हणायची वेळ आली तेव्हा मी पडद्यामागे लपले, कारण माझा आवाज म्हणजे घमेल्यात खडी ओतावी तसा. कुमुद पुढे गेली. समोर शिट्ट्या मारायला टपलेली पोरं. तिनं हातात कागदही घेतला नव्हता. ती बोलायला लागली आणि सभागृह असं गप्प झालं की मला पडद्याच्या कड्या वाजलेल्या ऐकू आल्या. त्या आवाजात माझी चुकीच्या ऋतूतली पानं खरोखर गळत होती. मी लिहिलेलं मला पहिल्यांदा समजलं, तेही दुसरीच्या तोंडून.

नंतर लग्नं झाली. मी नाशिकला आले, ती बुऱ्हाणपुरात राहिली. भेटी झाल्या त्या लग्नाकार्यात, हातात ताट घेऊन. ती कविता पुन्हा कधी ऐकली नाही. वाटायचं, कुमुद आहे, कविता आहे, ऐकू केव्हातरी. हे ‘केव्हातरी’ फार लबाड असतं.

लालबाग

रावेर सोडलं की गाडीच्या दोन्ही अंगांना केळीच केळी दिसतात. वाऱ्यानं पानांच्या चिंध्या झालेल्या, आणि त्या चिंध्या हलतात तेव्हा लांबून पाणी हललं असं वाटतं. या केळीवर मी एक ओळ लिहिली नाही. इंग्रजी पुस्तकात केळी नव्हती ना!

बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत. मी पायरी चाचपत उतरते आहे तोच खालून आवाज आला, “काय वं लीले, किती म्हातारी झालीस! पाय दे खाली, पाय दे!”

मी पायरीवरच थांबले. आवाज चिरलेला होता. पितळी घंटा फडक्यात गुंडाळून वाजवावी तसा. पण घंटा तीच होती.

तिच्याबरोबर तिची सून वर्षा. शाळेत शिकवते, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलते आणि दोन्हीकडून ठसकेबाज. ती म्हणाली, “मावशी, तुम्हीच समजवा यांना. डॉक्टरनी क्या बोला है? कम बोलो. आणि ह्या स्टेशनवर येऊन ओरडतात.”

“मंग काय शिल्लक ठेवू?” कुमुद म्हणाली. “व्याज भेटते का त्याच्यावर?”

वर्षानं माझ्याकडे बघितलं. मी सामानाकडे बघितलं.

घर शनवारा वेशीच्या बाजूला. आसपास यंत्रमाग, त्यामुळे दिवसभर खटखट चालू. मला पहिल्या तासात वाटलं डोकं फुटणार. कुमुद म्हणाली, “बंद पडले म्हंजे मले झोप येत नाही.” कुमुदचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ते या मागांवरच्या कापडाचा व्यापार करायचे. कुमुदनं इथल्या मराठी शाळेत जन्म काढला, आणि या खटखटीच्या वर आवाज चढवून पोरांना बाराखडी शिकवली. रस्त्यात पन्नाशीची माणसं थांबून तिला नमस्कार करतात आणि ती अजून त्यांना विचारते, “नखं कापली का?”

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. आमच्या नाशिकला सकाळी मिसळ खाऊन माणूस घाम पुसतो, इथं पोह्यांबरोबर जिलेबी खाऊन ओठ चाटतो. मी दोन दिवसांत या धर्मात आले. कुमुदला मात्र भाकरी उतरत नव्हती. ती मऊ खिचडी कालवत बसली होती आणि माझ्या ताटाकडे बघत होती.

“अशी सावकाश नको खाऊ,” ती म्हणाली. “माझ्या वाटचं खाऊन राहिलीस तं दणकून खा.”

मी दणकून खाल्लं. वर आणखी एक भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुमे, ती गॅदरिंगची कविता आठवते का गं?”

“कोणती?”

“तापीची.”

“नाही बाई. एक ओळ आठवत नाही.” आणि तिनं वाटीत पाणी ओतलं.

जिलेबी आणि दराबा

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. मला वाटलं, गर्दीत जुन्या आठवणी निघतील, आठवणींमागून कविता निघेल. निघालं ते भांडण.

बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी काळपट, जाड आणि जड असते. नाजूक बोटांनी उचलायला गेलात तर बोटंच वाकतील. हलवायानं माझ्यासमोर द्रोण ठेवला आणि कुमुदनं त्यात डोकावलं.

“ये क्या कच्ची जिलेबी दे रहा है? मावा भुना है के नहीं?”

“मॅडम, एकदम भुना है.”

“मेहमान है मेरी, नासिक से आई. वहाँ जाके बदनामी करेगी तेरी. दूसरा घान निकाल.”

तो म्हणे हाच घाणा ताजा, ती म्हणे ताज्याचा रंग असा नसतो. मग त्याच्या वडिलांच्या हातची जिलेबी कशी होती ते निघालं, मग तो तिच्याच शाळेत होता हे निघालं, आणि पाढे येत नव्हते हेही निघालं. गिऱ्हाइकं गोळा झाली. मी द्रोण धरून उभी, आणि प्रत्येक वाक्याला काळीज खाली खाली. या हलवायावर तिनं जेवढा आवाज उधळला तेवढ्यात माझी कविता कडव्यांसकट बसली असती!

शेवटी दुसरा घाणा आला. कुमुदनं स्वतः दराबा घेतला. रवा, तूप आणि साखर घोटून घोटून केलेलं हे इथलं पक्वान्न घशातून आपोआप उतरतं. डोळे मिटून तिनं ते जिभेवर विरघळू दिलं.

घरी आल्यावर वर्षानं मला स्वयंपाकघरात गाठलं. “मावशी, एक बोलू? मी त्यांना कितीदा म्हटलं, आई, काही तरी बोलून ठेवा, मोबाइलमध्ये. बच्चे बड़े होंगे तो सुनेंगे. तर काय म्हणाल्या माहिती आहे? ‘लोणचं घालता का माझ्या आवाजाचं?’”

तिचे डोळे भरले. मग पदरानं पुसत हळूच हसली. “आज पिशवीत फोन चालू ठेवला होता मी. हलवाईवाला पूरा झगडा आ गया. भांडतानाचा आहे, पण आईचा तर आहे ना.”

मी तिला जवळ घेतलं. तिचं काम झालं होतं. माझं व्हायचं होतं.

कुंडी भंडारा

गावाबाहेर जमिनीखाली एक नहर आहे, बादशाही काळातली. डोंगरातून झिरपणारं पाणी भुयारातून गावात आणायचं, आणि वर हवेसाठी विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या, एकामागून एक. एका कुंडीत लिफ्ट आहे. खाली उतरून पाण्यात उभं राहता येतं आणि भिंतींवर पांढऱ्या खड्यांचे थर दिसतात म्हणतात. मी ‘म्हणतात’ लिहिलं, कारण आम्हाला उतरू दिलं नाही.

“माताजी, नीचे फिसलन है. आपकी उमर...” लिफ्टवाला म्हणाला.

“उमर का क्या?” कुमुद पुढे झाली. “उमर नीचे जाने की ही है!”

तो बिचारा लाजला, हसला, पण हटला नाही. कुमुद वाद घालत राहिली आणि मी तिचा दंड ओढत राहिले, “अगं पुरे, पुरे गं.” रफिकभाई, म्हणजे त्या आठवड्यात आम्हाला रिक्षातून फिरवणारे गृहस्थ, मला हळूच म्हणाले, “बोलने दो बहनजी. बोलने से हलकी होती हैं वो.”

मला ते पटलं नाही. मी चिक्कू झाले होते. तिचा एकेक शब्द मला माझ्या वाटणीतून गेल्यासारखा वाटत होता.

पुढे रानात जाळी बसवलेली दुसरी कुंडी होती. आजूबाजूला पळस पेटलेला, खाली पाचोळा. आम्ही दोघी जाळीवर ओणव्या झालो. खोल खाली अंधारात पाणी चालल्याचं ऐकू येत होतं, कुणी झोपेत बोलावं तसं. कुमुदनं तोंडाशी हात धरला आणि पूर्ण ताकदीनं हाक मारली, “लीलेऽऽ!”

नाव खाली गेलं. भिंतींना लागलं, पाण्याला लागलं, आणि लांबून, फार लांबून वर आलं. त्यात चीर नव्हती. अंतरानं ती पुसली होती. वर आलेला आवाज वीस वर्षांच्या मुलीचा होता.

कुमुद हसायला लागली आणि हसता हसता खोकला आला. खोकला थांबेना. रफिकभाई पाण्याची बाटली घेऊन धावले. ती खाली बसली, मी तिची पाठ चोळत होते आणि मनात म्हणत होते, अजून एकदा, एकदाच हाक मार. मैत्रीण खोकून लाल झालेली आणि मला दुसरी हाक हवी होती! विरहात माणूस उदात्त होतो असं मी पट्ट्यांवर लिहायची. साफ खोटं. माणूस अधाशी होतो.

जैनाबाद

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तापीपलीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची इंदूरची गाडी निघायची होती. वर्षानं शाल दिली, पाणी दिलं आणि मला बजावलं, “मावशी, बोलायला लावू नका.” आणि मग दारात येऊन, “बोलल्या तर बोलू द्या.”

जैनाबादला आहुखाना आहे, बादशाही काळातली हरणांची बाग. बादशहाची लाडकी बेगम बुऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी इथं पुरलं होतं, मग आग्र्याला नेलं आणि पुढे तिच्यावर ते जगप्रसिद्ध संगमरवरी प्रेम बांधलं. इथं राहिल्या आहेत पडक्या कमानी आणि गवत. कॉलेजात असताना आम्ही इथं मुद्दाम येऊन उसासे टाकायचो. मी तर एकदा कमानीला गाल लावून उभी राहिले होते. मुंग्या चावल्या.

“केवढं प्रेम,” मी आता कुमुदला चिडवायला म्हटलं.

“बाळंतपणं करून करून मेली बिचारी,” कुमुद म्हणाली. “तेव्हा कोणी काही बांधलं नाही. एक सुईण धड भेटली असती तं ताजमहाल लागलाच नसता.”

आम्ही खाली नदीकडे आलो. तापी उन्हाळ्याच्या तोंडावर असते तशी, अंग चोरून वाहणारी. काठावर पिंपळ होता. फाल्गुनात पिंपळ पानं टाकतो. एक पान सुटायचं, गिरक्या घेत यायचं, पाण्यावर बसायचं आणि निघून जायचं. मग दुसरं. पलीकडे घाटाच्या पायऱ्यांवर कुणी धोतर पिळत होतं. या सगळ्याकडे त्या लीलेनं कधी धड पाहिलं नव्हतं. ती नदीकाठी येऊन डोळे मिटून घ्यायची, भावना दाटाव्यात म्हणून.

खडकावर बसलो. आता माझ्याकडे युक्त्या उरल्या नव्हत्या.

“कुमे,” मी म्हटलं, “मी ती कविता ऐकायला आले. तुझ्या तोंडून. दुसरं काही काम नव्हतं मला.”

“ठाऊक आहे मले. उतरलीस तेव्हापासून दुधावर टपलेल्या मांजरीसारखी बघून राहिली माझ्या तोंडाकडे.”

“मग म्हण ना गं.”

ती पाण्याकडे बघत राहिली. “परवा शाळेतल्या बाया आल्या. म्हणे, बाई, एकदा ती प्रार्थना म्हणा. देरानी आली, माझी धाकटी जाऊ. म्हणे, वहिनी, ओव्या म्हणा. पोरगा म्हणे, आई, माझं नाव घेऊन हाक मार. सगळे शेवटचं मागाले येऊन राहिले लीले. मी भांडले तं तेवढंच एक शेवटचं वाटत नाही. त्या दिवशी जिलेबीवाल्याशी भांडले ना, तेव्हा मले वाटलं, चला, आज मंगळवार आहे. रोजच्यासारखा.”

मीही त्याच रांगेतली, सगळ्यात लांबून आलेली.

“आणि एक सांगू?” ती म्हणाली. “सगळे म्हणता, तू बोल, तू म्हण. पण उद्यापासून मले ऐकायचंच तं काम आहे. मले कोणी काही ऐकवलंच नाही.” ती माझ्याकडे वळली. “तू म्हण.”

“मी?”

“तुझी कविता आहे ना? एकदा तरी तुझ्या तोंडून निघू दे. पडद्यामागे लपली होतीस गधडी.”

“अगं, माझा आवाज म्हणजे...”

“घमेल्यात खडी. ठाऊक आहे. पण उद्यापासून माझ्यापेक्षा बरा!”

आणि अशी हसली की मलाही हसू आलं आणि हसण्यातच डोळ्यांतून पाणी आलं. मी पदर सावरला, घसा खाकरला. समोर प्रेक्षक म्हणून एक बगळा होता. मी सुरुवात केली:

“तापीकाठी
शरद उतरला,
झाडे सारी
झाली...”

आणि माझी जीभ अडली. पुढचा शब्द मला दिसत होता. मी तो विशीत किती मजेत लिहिला होता, यमकाला बरा म्हणून! आता तो तोंडातून काढवेना.

कुमुद शांतपणे म्हणाली, “मूक. झाडे सारी झाली मूक. म्हण पुढे. शब्दाले घाबरतेस काय?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “तुला तर एक ओळ आठवत नव्हती.”

“नाहीच आठवत. म्हण.”

“कोण यायचे
ठाऊक नाही...”

मी म्हटलं, आणि थांबले. या वेळी जीभ अडली नव्हती.

“वाट पाहणे,” कुमुद म्हणाली, “एवढी चूक.”

तीच होती. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना गप्प करणारी, तोच ‘चूक’वरचा हलका दाब, जणू ती चूक नाहीच. आवाज फाटला होता, श्वास मध्येच संपत होता, पण शब्द ठेवायची जागा जिथल्या तिथं. न आलेल्या माणसाची वाट पाहायची ती कविता मी कुणासाठीच लिहिली नव्हती. आता मला ठाऊक होतं कोणाची वाट पाहायची, आणि ती माझ्या शेजारीच बसलेली होती.

“पानामागून
पान गळाले,” मी म्हटलं. “पाण्यावरती... पाण्यावरती काय गं?”

“त्यांची होडी. डोकं गेलं का तुझं? स्वतःचं लिहिलेलं विसरते!”

“म्हातारी झाले ना.”

“मीही द्यावे,” तिनं पुढे ढकललं.

“मीही द्यावे... अं... मीही द्यावे...”

“सोडून काही.”

“हां. सोडून काही. मग?”

कुमुदनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अभ्यास न करता आलेल्या आणि अभ्यास करून ढोंग करणाऱ्या पोरांमधला फरक ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तिच्या ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं आता एक चापट बसणार. तिनं शाल खांद्यावर ओढून घेतली, खडकावर जरा सरकून माझ्या अगदी जवळ आली, आणि नदीकडे तोंड करून वाट पाहू लागली.

पुढची ओळ मला पाठ होती. मी गप्प राहिले.